खोलना-जोडना

एनसीसीच्या कॅम्पमध्ये एका दुपारी आमच्या तुकडीने बारा रायफलींचे बोल्ट एकमेकांत मिसळून टाकले.

मुद्दाम नाही. साताऱ्याजवळच्या एका माळावर दहा दिवसांचा कॅम्प होता. जेवणानंतरचा वेपन ट्रेनिंगचा तास, डोळ्यांवर झापड आणि ताडपत्रीवर ओळीत मांडलेल्या बारा डीपी रायफली. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. गोळी झाडण्यासाठी निकामी केलेल्या, फक्त कवायतीपुरत्या उरलेल्या जुन्या थ्री नॉट थ्री. धड्याचं नाव 'खोलना-जोडना'. आम्ही खोलून बसलो होतो, तेवढ्यात वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि बोल्ट घरंगळून एका ढिगात गेले. मग ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने आपल्या रायफलीत सरकवला. दहा बसले, दोन अडले. अडलेल्या दोघांनी तळहाताने ठोकून पाहिलं.

हवालदार साहेबांनी ते ठोकणं ऐकलं. ते ओरडले नाहीत, हे मला अजून आठवतं. जवळ येऊन एवढंच म्हणाले, "बोल्ट का नंबर पढ़ो। अब रायफल का नंबर पढ़ो।" बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी एक नंबर कोरलेला होता आणि रायफलीच्या बॉडीवर दुसरा. एकाचाही जुळत नव्हता. "जब तक नहीं मिलेगा, चाय नहीं मिलेगी।"

त्या संध्याकाळी मला पडलेला प्रश्न साधा होता. सगळ्या रायफली एकाच मॉडेलच्या, कारखान्यात बनलेल्या. मग याचा बोल्ट त्याला का चालू नये? आज मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून सुटे भाग पास-फेल करणं हेच काम. त्यामुळे उत्तर आता मला माहीत आहे. पण त्या उत्तरामागे दोनशे वर्षांची एक गोष्ट आहे, आणि ती शाळेत शिकवतात तशी नाही.

शाळेतली गोष्ट अशी: एली व्हिटनी नावाच्या अमेरिकन माणसाने अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांची कल्पना काढली, बंदुका भराभर बनू लागल्या आणि आधुनिक कारखाना जन्माला आला.

कल्पना मुळात त्याची नव्हती. १७८५ साली थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील म्हणून राहत होता. तिथे ओनोरे ब्लां नावाच्या बंदूक-कारागिराने त्याच्यासमोर पन्नास चापांचे सुटे भाग खणाखणांत मांडून ठेवले. चाप म्हणजे बंदुकीचा ठिणगी पाडणारा यांत्रिक भाग. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही चाप जुळवले. ते बसले. तो इतका भारावला की त्याने लगेच मायदेशी पत्र धाडलं. कारण उघड होतं. तोपर्यंत प्रत्येक बंदूक म्हणजे एका कारागिराने कानशीने घासून घासून जुळवलेली एकुलती एक वस्तू होती. लढाईत तिचा एक स्क्रू हरवला तर बाजारात तसा दुसरा मिळत नसे, तो पुन्हा घडवावा लागे.

व्हिटनी आला तो पैशाच्या अडचणीतून. कापसाचं जिन काढून नाव झालं होतं, पण पेटंटच्या खटल्यांनी तो रिकामा झाला होता. १७९८ साली फ्रान्सशी युद्ध होईल या धास्तीने अमेरिकन सरकार बंदुका शोधत होतं. व्हिटनीने दोन वर्षांत १०,००० मस्केट देण्याचा करार केला. तोवर त्याने एकही मस्केट बनवलेली नव्हती! मुदत संपली तरी माल नाही. तेव्हा १८०१ मध्ये त्याने वॉशिंग्टनमध्ये बड्या लोकांसमोर सुटे भाग मांडून चाप जुळवून दाखवले. त्यांत जेफरसनही होता. सगळे खूश. मुदत वाढली. शेवटची मस्केट १८०९ मध्ये पोचली.

विसाव्या शतकात इतिहासकारांनी व्हिटनीच्या शिल्लक मस्केट उघडून पाहिल्या. एकीचे भाग दुसरीला बसत नव्हते. भागांवर जुळणीच्या खुणा होत्या, म्हणजे कुणीतरी ते एकमेकांसाठी घासून बसवलेले होते. त्या दिवशीचं प्रात्यक्षिक हे बहुधा काळजीपूर्वक तयार केलेलं सॅम्पल होतं. आमच्या धंद्यात याला नवल नाही. कस्टमर ऑडिटच्या दिवशी टेबलावर ठेवलेले पीस नेहमीच सुंदर असतात.

खरं काम केलं जॉन हॉल नावाच्या माणसाने, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी इथल्या सरकारी शस्त्रशाळेत १८१९ पासून तो आपली मागून भरायची रायफल बनवत बसला. रायफल आणि मस्केट यांत फरक एवढाच की मस्केटची नळी आतून गुळगुळीत असते, तर रायफलीच्या नळीत पीळ घेतलेल्या खाचा असतात. त्याने गोळी फिरत जाते आणि सरळ जाते. हॉलने साठेक गेज बनवले. प्रत्येक भाग, प्रत्येक टप्प्याला, गेजमध्ये बसला तर पुढे, नाही तर भंगारात. १८२६ मध्ये सरकारी तपासनिसांनी त्याच्या रायफली खोलून भाग एकमेकांत मिसळले आणि पुन्हा जोडायला लावल्या. आमच्या ताडपत्रीवर झालं तेच, फक्त त्यांचं जमलं. १८३४ पर्यंत तर शेकडो मैल दूर कनेटिकटमध्ये सिमियन नॉर्थच्या कारखान्यात बनलेले भागही हॉलच्या रायफलींना बसू लागले. हे करायला वेळ लागला आणि पैसा इतका लागला की वरिष्ठ त्याच्यावर सतत वैतागलेले असत.

इंग्लंडला हे उशिरा कळलं. बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांमध्ये नळीवाले, चापवाले, लाकूडवाले असे वेगवेगळे कारागीर होते. सगळे तुकडे शेवटी जुळवणाऱ्याच्या टेबलावर येत आणि तो कानस घेऊन त्यांची एक बंदूक करी. क्रिमियन युद्धात ही व्यवस्था कमी पडली. ब्रिटिश सरकारने माणसं अमेरिकेत पाठवली, तिथून यंत्रं विकत आणली आणि लंडनजवळच्या एन्फिल्डला कारखाना उभा केला. एन्फिल्ड हे नाव आपल्याला १८५७ च्या काडतुसांमुळे पाठ आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते. उठाव मोडल्यावर हिंदी शिपायांसाठी खास एन्फिल्ड बनवल्या गेल्या. दिसायला तशाच, पण नळी आतून गुळगुळीत. रायफलीतून फक्त 'रायफल' काढून घेतलेली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची सोय उरली नाही. आपल्याकडे रायफलीची टंचाई ही बराच काळ यंत्रांची नव्हती, धोरणाची होती.

पण ज्यांनी हे धोरण केलं त्यांच्यावरही पाळी आली, दोनदा.

पहिल्यांदा १९१४ मध्ये. ब्रिटनला एकदम लाखो रायफली हव्या होत्या. त्यांनी अमेरिकेतल्या तीन कारखान्यांना एकाच नमुन्याची ऑर्डर दिली: विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन. बारा लाखांच्या आसपास रायफली बनल्या. आणि त्या तिघांचे भाग एकमेकांना धड बसेनात! ड्रॉइंग एक, काडतूस एक, पण प्रत्येकाची मोजपट्टी आपापली. भागांवर डब्ल्यू, आर, ई अशी अक्षरं ठोकावी लागली, म्हणजे दुरुस्तीला घेताना कळावं की हा कुणाच्या घरचा. हॉलने जे एका माणसाच्या हट्टाने साधलं होतं ते ऐंशी वर्षांनी तीन मोठ्या कंपन्यांना घाईत साधलं नाही. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्याच यंत्रांवर अमेरिकन काडतुसाची रायफल बनू लागली. युद्ध संपलं, लाखो रायफली ग्रीसमध्ये बुडवून गोदामात ठेवल्या गेल्या. त्या पुन्हा येणार आहेत.

दुसरी पाळी १९४० ची. डंकर्कहून ब्रिटिश फौज माघारी आली ती माणसं वाचवून. मागे राहिलेल्या रायफलीच सुमारे ९०,००० होत्या. त्याआधीच, १४ मे रोजी, मंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून गावोगावच्या पुरुषांना स्वयंसेवक व्हायचं आवाहन केलं होतं. पहिल्या आठवड्यात अडीच लाख नावं आली. पुढे यांनाच होम गार्ड म्हणू लागले. बँकेतले कारकून, खाणकामगार, पहिलं युद्ध लढलेले म्हातारे. जर्मन छत्रीधारी उतरले तर यांनी लढायचं. कशाने? शिकारीच्या बंदुका, संग्रहालयातल्या वस्तू, काठ्या. अमेरिकेत तर एका समितीने मासिकात जाहिरात दिली की एका ब्रिटिश घराच्या रक्षणासाठी आपली बंदूक पाठवा. लोकांनी पाठवल्यासुद्धा.

त्या उन्हाळ्यात पहिल्या युद्धातल्या सुमारे पाच लाख अमेरिकन रायफली बोटींतून आल्या, वीस वर्षांच्या ग्रीससकट. आता नवी पंचाईत. त्यांचं काडतूस अमेरिकन, .३० चं. आणि १९१४ ची ती तीन कारखान्यांची रायफल, जी ब्रिटनकडे होतीच, ती .३०३ ची. दोन्ही सख्ख्या बहिणी, अंधारात तर ओळखूच येऊ नयेत अशा. चुकीचं काडतूस ऐन वेळी भरलं गेलं तर रायफल म्हणजे काठी. म्हणून अमेरिकन रायफलींच्या लाकडावर लाल रंगाचा दोन इंची पट्टा मारण्यात आला. इतका मोठा गोंधळ आणि त्यावर उपाय रंगाचा डबा. मला हे फार आवडतं.

लाल पट्टा आला तरी रायफली पुरल्या नाहीत. चर्चिल यांनी १९४१ मध्ये लिहिलं होतं की प्रत्येक माणसाच्या हातात काही ना काही शस्त्र हवं, अगदी गदा किंवा भाला असला तरी चालेल. युद्ध खात्याने ते शब्दशः घेतलं. गोदामात जुन्या संगिनी पडून होत्या, रायफलीच्या टोकाला लावायच्या. रायफल नव्हती, तिचा एक भाग होता. मग लोखंडी पाइपच्या तोंडाला संगीन वेल्ड करून अडीच लाख भाले बनवायची ऑर्डर निघाली. होम गार्डच्या लोकांना हा अपमान वाटला. संसदेत थट्टा झाली. बहुतेक भाले गोदामातून बाहेर पडलेच नाहीत.

हे वाचताना हसू येतं, पण त्याच वेळी बर्मिंगहॅममध्ये काय चाललं होतं ते पाहा. स्मॉल हीथ भागात बीएसएचा प्रचंड कारखाना होता. आपल्याकडे जुन्या लोकांना हे नाव मोटरसायकलवरून माहीत असतं. लष्करी रायफलींच्या नळ्या बनवणारी देशातली एकमेव चालू शाखा तिथे होती. एकमेव. २६ ऑगस्ट १९४० च्या हवाई हल्ल्यात नेमका हाच नळ्यांचा विभाग सापडला. ७५० यंत्रं गेली. माणूस मात्र कुणी गेला नाही.

नळी म्हणजे काय, हे लेथवर काम करणाऱ्याला विचारा. लाकूड सुतारांच्या कारखान्यात करता येतं, स्क्रू कुठेही होतात, पण दोन फूट लांब भोक सरळ पाडणं आणि त्यात आतून पिळाच्या खाचा कापणं याला वेगळी यंत्रं आणि वेगळे हात लागतात. बाकी सगळे भाग रॅकवर तयार असले तरी एक नळी नाही म्हणून ते सगळे भंगार. रायफलींची टंचाई म्हणतो तेव्हा ती बहुतेक वेळा एकाच भागाची असते.

१९ नोव्हेंबरच्या रात्री विमानं पुन्हा आली. रात्रपाळी चालू होती. एक मोठी इमारत माणसांसकट खाली बसली. ५३ कामगार मेले, ८९ जखमी झाले. अडकलेल्यांना काढायला जे दोन इलेक्ट्रिशियन ढिगाऱ्यात घुसले त्यांतल्या एकाला पुढे जॉर्ज मेडल मिळालं. त्या ५३ जणांच्या हातात कुठलीही रायफल नव्हती. ते दुसऱ्यांसाठी तिचे तुकडे करत होते. कारखान्याचं रायफलींचं काम तीन महिने थांबलं.

यानंतर ब्रिटनने काम पांगवलं. एक भाग इथे, दुसरा तिथे, जोडणी तिसरीकडे. शत्रूला कळू नये म्हणून कंपनीचं नावही भागांवर येईना, नुसते सांकेतिक आकडे. शर्लीतल्या बीएसएच्या कारखान्याची खूण 'एम ४७ सी' होती. एम म्हणजे मिडलँड्स. नवीन रायफल, नंबर ४, आता पाच ठिकाणी बनत होती: तीन कारखाने इंग्लंडमध्ये, एक कॅनडात टोरंटोजवळ लाँग ब्रांचला, एक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सॅव्हेज कंपनीचा. सॅव्हेजच्या रायफलींवर 'यूएस प्रॉपर्टी' असा शिक्का असे, कारण कायद्याने त्या ब्रिटनला उसन्या दिलेल्या होत्या. उसन्या रायफली दहा लाखांहून जास्त झाल्या.

आणि मग सुरू झाली काटछाट. इंजिनियर म्हणून मला हा भाग सर्वांत थरारक वाटतो, कुणाला कंटाळवाणा वाटेल. नळीत पाच खाचांऐवजी दोनच कापून पाहिल्या. नेम फारसा बिघडला नाही. चालू द्या. सुंदर कोरून काढलेली, स्क्रूने वरखाली होणारी माशी महाग पडते? दोन भोकांची पत्र्याची पट्टी लावा, एक भोक ३०० यार्डांना, एक ६०० ला. अक्रोडाचं लाकूड संपलं? बर्च वापरा, बीच वापरा. बोल्ट बाहेर काढायची छोटी कळ? सॅव्हेज आणि लाँग ब्रांचने तीच काढून टाकली आणि तिच्या जागी कडेला नुसती एक खाच पाडली. हे मात्र थोडं अंगाशी आलं. वापराने त्या खाचेची धार तुटायची आणि बोल्टचं डोकं भलत्या वेळी खाचेतून वर उडी मारायचं. टंचाईत काय काढता येतं आणि काय काढता येत नाही हे असंच, कुणाच्या तरी हातात रायफल असताना कळतं.

या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच काढून टाकता आली नाही. ती म्हणजे बोल्ट.

काडतूस नळीच्या मागच्या टोकात बसतं आणि बोल्ट त्याला मागून दाबून धरतो. गोळी सुटताना जो धक्का मागे येतो तो बोल्टच्या खुंट्या झेलतात. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची बूड यांमध्ये जागा जास्त राहिली तर पितळी काडतूस फाटू शकतं आणि तापलेला वायू थेट माणसाच्या तोंडावर येतो. म्हणून त्या खुंट्या त्या एका रायफलीच्या बॉडीत दोन्ही बाजू सारख्या टेकेपर्यंत हाताने घासून बसवल्या जात. बसल्या की बोल्टवर त्या रायफलीचा नंबर. नंबर ४ मध्ये बोल्टचं पुढचं डोकं चार मापांत मिळे, ० ते ३, प्रत्येक माप आधीच्यापेक्षा इंचाच्या साधारण तीन हजारांश भागाने लांब. आर्मरर गेज लावायचा, जागा जास्त वाटली तर पुढचा आकडा चढवायचा. तीन देशांत पाच कारखाने, लाखो भाग, शेकडो गेज, आणि शेवटी एक माणूस एका रायफलीसमोर बसून डोकी बदलून पाहतोय. व्हिटनीला जे लपवावं लागलं ते इथे उघड नियम म्हणून छापलेलं होतं.

तुमच्यापैकी कुणी फोनचा डिस्प्ले गल्लीतल्या दुकानात बदलून घेतला असेल आणि मग फिंगरप्रिंट चालेनासं झालं असेल. तिथे कंपनीने मुद्दाम भागांची लग्नं लावलेली असतात. बोल्टचं तसं नव्हतं. तिथे लोखंडच दुसऱ्याला नाही म्हणत होतं.

आमच्या कॅम्पातल्या रायफली याहूनही जुन्या घडणीच्या होत्या, बंगालमधल्या ईशापूरच्या. १९०४ पासूनच्या या कारखान्याने नंबर ४ कधी घेतली नाही, पहिल्या युद्धातलंच मॉडेल तो बनवत राहिला. युद्ध संपेपर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती आणि तिला नवं यंत्र लावून बसायला वेळ नव्हता. ईशापूरच्या रायफली ओळखायची एक सोपी खूण आहे: पुढच्या लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू. लाकूड धक्क्याने चिरू नये म्हणून दिलेला टाका. १९६२ च्या चीन युद्धानंतर जेव्हा पुन्हा रायफली कमी पडल्या तेव्हा याच साच्यावर, जास्त मजबूत पोलाद घेऊन, ईशापूरने ७.६२ मिलिमीटरची बोल्ट रायफल काढली. आणि मूळची थ्री नॉट थ्री पोलिसांकडे उतरली ती उतरलीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याआधी कित्येक वर्षं पुण्यात पाषाणच्या संशोधन संस्थेत इन्सास रायफल तयार झालेली होती. ती त्या फलाटापर्यंत पोचलेली नव्हती.

तर ती संध्याकाळ. आम्ही बारा जण गुडघ्यांवर बसून एकेक नंबर मोठ्याने वाचत होतो. एकाने बोल्टचा वाचायचा, बाकीच्यांनी आपापल्या बॉडीचा पाहायचा. हाउजी चालल्यासारखं. अंधार पडला तशी बॅटरी आली. अकरा जुळले. माझी रायफल राहिली आणि एक बोल्ट राहिला, आणि त्या दोघांचे नंबर वेगळे होते.

मी घाबरून ती घेऊन गेलो. हवालदार साहेबांनी बॅटरी तिरकी धरली आणि बोल्टच्या दांड्यावर अंगठा फिरवला. मी वाचलेल्या नंबरावर एक बारीक आडवी रेघ होती. खोडलेला नंबर. दांडा उलटा केल्यावर दुसऱ्या अंगाला, हाताने एकेक आकडा ठोकलेला, थोडा वाकडा, माझ्या रायफलीचा नंबर निघाला. तिचा मूळ बोल्ट कधीतरी गेला असणार, आणि कुठल्या तरी कोतमध्ये कुणीतरी दुसऱ्या रायफलीचा बोल्ट घेऊन, तो हिला बसेपर्यंत घासला असणार.

"मिल गया," साहेब म्हणाले. "अब जोड़ो।"

मी बोल्ट आत सरकवला, दांडा खाली दाबला. चहा तोपर्यंत गार झाला होता.